जूनचं गवत आणि डिसेंबरची मोजणी

जमीन मोजणीच्या अर्जाची ती पोच अजून माझ्याकडे आहे. मार्च 2022 चा शिक्का आणि खाली निळ्या शाईत एकच शब्द, ‘त्रुटी’. कुठली त्रुटी ते लिहिलेलं नाही. त्या एका शब्दापायी आमच्या गुरचरणातलं एका सालाचं गवत गेलं आणि माझा राग अजून निवलेला नाही. म्हणून सगळं लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाचा तरी पावसाळा वाचावा.

मी राहायला कळव्याला, नोकरी वागळे इस्टेटला. गाव ठाणे जिल्ह्यातच, लोकल आणि पुढे एसटी धरून अडीच तास. तालुक्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मोजणीच्या त्या कार्यालयातल्या सगळ्यांना एका मापाने मोजायचं नाही.

गावाच्या डोंगराकडच्या अंगाला गुरचरण आहे. माझ्या लहानपणी दिवाळीनंतर तिथलं गवत कापून घरोघर माळे भरत आणि उरलेलं वखारीत जाई, तिथून ठाण्या-मुंबईच्या तबेल्यांत. आता श्रावणात तो उतार लांबून हिरवागार दिसतो, पाहुणे फोटो काढतात. जवळ गेलात की कळतं, निम्मा टाकळा आहे. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गवत खाल्लं जातं, टाकळा उरतो, त्याचंच बी पडतं आणि पुढच्या वर्षी तोच वाढतो.

गुरं जास्त झाली म्हणून हे झालं, असं सगळे म्हणतात. आमच्या गावात तरी ते खरं नाही. तात्यांच्या गोठ्यात एकेकाळी बारा जनावरं होती, आज पाच आहेत. घोळ वेळेचा आणि जागेचा आहे. जूनला खाचरांत भात लागतं, मग सगळी गुरं माळावर. पूर्वी वरकसावर, म्हणजे भात न होणाऱ्या उताराच्या हलक्या जमिनीवर, ती पांगायची. आता वरकस विकली गेली, तिथे तारेची कुंपणं आणि शनिवार-रविवारचे बंगले आले. राहिलं एकटं गुरचरण, आणि गुरं तिथे शिरतात नेमकी कोंब फुटतो तेव्हा.

गवताचा वाढीचा डोळा बुंध्याशी असतो, म्हणून वरून खाल्लं तरी ते पुन्हा फुटतं. झाडाच्या रोपाला ते जमत नाही. पण पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे गवत मुळांत साठवलेल्यावर जगत असतं. तेव्हा रोज खुडलं तर मुळं आखडतात आणि फुलोऱ्यापर्यंत ते पोचतच नाही. आधी जातं ते गुरांना आवडणारं, म्हणजे मारवेल, पवन्या. त्यांच्या जागी येते कुसळ, आणि तीही संपली की वर्षभरच जगणारी बारीक गवतं आणि टाकळा. दाबडघाव आणि शंकरनारायण या गवताच्या अभ्यासकांनी 1973 मध्ये देशातल्या गवताळ मुलखाची वर्गवारी मांडली. त्यात दख्खनच्या पठारासह द्वीपकल्पाचा मोठा भाग पवन्या-मारवेलच्या गटात येतो, आणि चराई वाढत गेली की उतरण साधारण अशाच पायऱ्यांनी होते. ओल्या जमिनीवर खुरांचा दाब पडून ती घट्ट होते ते वेगळंच. पाणी मुरत नाही, मुरूम उघडा पडतो.

हे मला आधी माहीत नव्हतं. 2021 च्या जूनमध्ये तात्यांनी करवंदीच्या फांद्या तोडून दिल्या आणि आम्ही गुरचरणात खोलीएवढ्या जागेला वई घातली. गणपतीला गेलो तेव्हा प्लास्टिकच्या पाइपचा मीटरभर चौकोन करून आत एकदा ठेवला, बाहेर एकदा, आणि दोन्हीतलं गवत विळ्याने कापून दोन पिशव्यांत भरलं. आतल्या गवताने पिशवीचं तोंड बांधता येईना. बाहेरचं पिशवीच्या तळाला राहिलं. आतल्या एका काडीच्या पेऱ्यावर पांढऱ्या केसांचं कडं होतं. तात्यांनी ती काडी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, “हा मारवेल रे. मी समजलो गेला तो.” त्या दिवशी ठरलं की अर्धं गुरचरण पेरणीपासून दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचं, अर्धं खुलं, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल.

ठरवणं सोपं होतं. गावकी तयार झाली, सरपंचताई तर आमच्याही पुढे. पण अर्धं म्हणजे कुठून कुठपर्यंत? हद्दीचे दगड कुणी पाहिलेले नव्हते. म्हणून मोजणी.

इथून पुढचे नऊ महिने.

पहिला अर्ज मी माझ्या नावाने केला. जमीन सरकारी, अर्जदार खासगी माणूस, म्हणून ती ‘त्रुटी’. एवढं एक वाक्य खिडकीवरच्या माणसाने बोलायला पाच हेलपाटे घेतले. प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा, कल्याणला गाडी बदलायची, आणि तिथे गेल्यावर “साहेब साइटवर आहेत”. अर्ज ग्रामपंचायतीने, ठरावाची प्रत जोडून करायचा, हे एप्रिल संपता संपता कळलं. मग आम्ही 1 मेच्या ग्रामसभेची वाट पाहिली. मोजणीच्या अर्जापुरता मासिक सभेचा ठराव चालला असता, हे त्याच खिडकीवर नंतर सांगितलं गेलं. आधी विचारलं तेव्हा उत्तर होतं, “ग्रामसभेचा आणा.”

मे महिन्यात दुसरा अर्ज. या वेळी लगतधारकांची यादी अपुरी निघाली. गुरचरणाला चारही बाजूंनी चिकटलेल्या प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावरची सगळी नावं आणि पत्ते लागतात, कारण प्रत्येकाला नोटीस जाते. आमच्या यादीत चौदा नावं. तिघं वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही, एक जण कोपरखैरण्याला. त्या कोपरखैरण्याच्या काकांकडे मी दोन रविवार गेलो. त्यांचं म्हणणं त्यांनी स्पष्ट सांगितलं, “मोजणी झाली की माझा बांध आत निघेल आणि मग पाडायला येतील.” त्यांची भीती खोटी नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला राज्यांना सांगितलं, तेव्हापासून गुरचरणाचं नाव काढलं की लोक बिचकतात. मी त्यांना तो मारवेल दाखवला, वहीत चिकटवून नेला होता. काकू म्हणाल्या, “आमच्या सासूबाई याचेच भारे आणायच्या.” मग त्यांनी पत्ता लिहून दिला आणि नोटीस घेतो म्हणाले.

यादी पुरी करून दिली तेव्हा जून उजाडला होता. खिडकीवर उत्तर, “आता पावसाळा. दिवाळीनंतर तारीख.” मी म्हणालो, गवत दिवाळीपर्यंत थांबत नाही. त्यावर समोरच्या माणसाने पुढच्या माणसाचा कागद मागितला.

त्या पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला माळावर जात होतो. जुलैत कोंब, आठ दिवसांनी बोटभर बुडखे. त्यांच्यासाठी नोव्हेंबर ही तारीख म्हणजे पुढचं वर्ष. नोव्हेंबरची तारीखही हुकली. चौदातले अकरा लगतधारक, सरपंचताई, पोलीस पाटील सगळे दहा वाजल्यापासून माळावर उभे, आणि भूकरमापक दुसऱ्या गावाला गेलेले. कुणी फोन केला नाही. अखेर डिसेंबरात ते रोव्हर, म्हणजे उपग्रहावरून जागा टिपणारं यंत्र, घेऊन आले आणि काम एका दिवसात झालं. माणूस भला होता, उन्हात जेवायलाही थांबला नाही. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात यायला फेब्रुवारी उलटला.

तर चराईबंदी करायची असेल तर मोजणीचा अर्ज दसरा-दिवाळीला टाका. मे अखेरीस दगड रोवलेले हवेत. अर्ज टाकण्याआधी लगतच्या सगळ्या गटांचे डिजिटल सहीचे सातबारे काढा, ते घरबसल्या निघतात. वारस लागलेले नसतील तर आधी तलाठ्याकडे ते काम. ‘त्रुटी’ एवढंच लिहून दिलं तर तिथेच लेखी कारण मागा. नाही दिलं तर त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी ते केलं नाही, हेलपाटे घालत बसलो.

1 मे 2023 च्या ग्रामसभेत बंदीचा ठराव झाला. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यातला कमी आकडा लागतो. लग्नसराईत तेवढी जमवणं अवघड, म्हणून आदल्या आठवड्यात घरोघर जा. आणि शेळ्यावाल्यांना आधी भेटा. आमच्याकडे वाडीवरच्या चार घरांची पोटं शेळ्यांवर आहेत, त्यांना स्वतःची जमीन नाही. शेळी मुख्यतः पाला ओरबाडते, झुडपं आटोक्यात ठेवते, म्हणून कडेची करवंदीची पट्टी त्यांना बारमाही खुली ठेवली. हे ठरावात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

पूर्ण गुरचरण कायमचं बंद करा असं सांगणारे भेटतील. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात ते करू नका. न कापलेलं, न चरलेलं गवत उभं वाळतं, खालच्या कोंबाला ऊन मिळत नाही, रानमोडी आणि घाणेरी ही तणं शिरतात आणि फेब्रुवारीपासून वणव्याला आयतं जळण होतं. दसऱ्याला बी झडलं की कापा, मग गुरं सोडा. तेव्हा त्यांच्या खुरांनी बी मातीत दबतं आणि शेणही पडतं.

पहिल्याच वर्षी, 2023 च्या दसऱ्यानंतर, बंद भागातला पहिला भारा तात्यांनी डोक्यावर आणला. टाकळा अजून आहे, पण पट्ट्यापट्ट्यांत. मारवेल खालच्या बाजूने, खाचराच्या बांधाकडून वर सरकतोय.

एक सांगायचं राहिलं. हद्दीच्या दगडांना दर मे महिन्यात चुना लावा आणि शेजारी उंच बांबू रोवा. बंदीच्या दुसऱ्या सालात सप्टेंबरला वरच्या कोपऱ्यातला दगड सापडायला मला आणि तात्यांना अर्धा तास लागला. गवत कमरेला लागत होतं.