तुतनखामेनच्या दोन कबरी

इजिप्तमध्ये लक्सॉरला नाईल ओलांडून पश्चिम तीरावर पोचलो तेव्हा जेमतेम सात वाजले होते आणि ऊन आत्ताच चटके द्यायला लागलं होतं. सोबत आई. तिच्या गुडघ्यांकडे बघून राजांच्या खोऱ्यातल्या खोल उतरत जाणाऱ्या कबरी मी यादीतून आधीच काढून टाकल्या होत्या. तुतनखामेनची मात्र लहान, पायऱ्या थोड्या. तिकीट वेगळं आणि घसघशीत, पण इंग्रज उत्खननकार हॉवर्ड कार्टरला ती १९२२ साली सापडली हा धडा आईने शाळेत असताना पाठ केलेला. ती चुकवून चालणारच नव्हतं.

आत शिरल्याशिरल्या अंगाला लागतो तो दमटपणा. बाहेर ठणठणीत वाळवंट आणि आत गर्दीच्या बसमधला घामट उबारा. काचेच्या पेटीत राजाची ममी झोपलेली: काळाठिक्कर चेहरा, उघडी पावलं, मधलं सगळं पांढऱ्या कापडाखाली. रंगवलेली खोली इथे एकच, दफनाची, आणि तीही कठड्यावरून वाकून बघायची. पश्चिमेच्या भिंतीवर बारा बबून माकडं बसलीत, रात्रीच्या बारा तासांची. मी सातव्यापर्यंत मोजली, तेवढ्यात कुणाची तरी सॅक पाठीत बसली आणि मागचा जथा पुढे सरकला. पाच मिनिटांत आम्ही बाहेर.

‘पाहिलं,’ आई म्हणाली, ‘दिसलं काही नाही.’

खोऱ्याकडून परतताना रस्त्यालगत कार्टरचं घर लागतं. तिथे आवारात, जमिनीखाली, याच कबरीची हुबेहूब प्रतिकृती आहे. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. एवढ्या लांब येऊन नक्कल कोण बघतं? पण आईला सावली हवी होती.

आत आम्ही दोघी आणि एक राखणदार. बस्स. मी भिंतीपासून हातभर अंतरावर उभी राहिले आणि बाराच्या बारा माकडं मोजली. मग नजर गेली ती पिवळ्या रंगावर पसरलेल्या तपकिरी ठिपक्यांकडे. मूळ भिंतींवर हे ठिपके आहेत ते बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांचे. गिलावा पुरता वाळायच्या आत कबर घाईने बंद केली असावी, असं मानतात. जुन्या वास्तूंचं जतन करणाऱ्या गेटी संस्थेच्या लोकांनी आजचे ठिपके १९२०च्या दशकातल्या फोटोंशी ताडून पाहिले, तर ते तेवढेच निघाले. म्हणजे जीव केव्हाच मेलेला, डाग राहिलेला. आणि इथे तो मेलेला डागसुद्धा जसाच्या तसा! चित्रकाराने नक्कल केली असती तर हे ठिपके त्याने नक्कीच गाळले असते. यंत्राला तेवढी सौंदर्यदृष्टी नसते, हे बरंच आहे.

हे काम माद्रिदच्या फॅक्टम आर्टे या कार्यशाळेचं. तिचे संस्थापक अ‍ॅडम लो आणि त्यांच्या माणसांनी २००९ मध्ये मूळ कबरीत स्कॅनिंग केलं. भिंतीला हात न लावता लेझरची रेघ तिच्यावरून फिरवायची, कॅमेऱ्यांनी तिची वळणं टिपायची. चौरस मीटरला दहा कोटी बिंदू. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागावर एक. पोपडा कुठे सुटलाय, कुंचल्याचा फराटा कुठे जाड झालाय, सगळं उंचसखलपणासकट नोंदलं जातं. रंगांचे फोटो वेगळे. मग यंत्राने पृष्ठभाग कोरायचा, रंग एका पातळ लवचीक पापुद्र्यावर छापायचे आणि तो पापुद्रा भेगेवर भेग जुळवून चिकटवायचा. मध्ये इजिप्तमध्ये क्रांती झाली, सरकारं बदलली. प्रतिकृती उघडली ती २०१४च्या एप्रिलअखेर.

इथली एक गोष्ट मूळ कबरीत मात्र नाही. दफनाच्या खोलीतली सोनेरी मखरं बाहेर काढायची म्हणून कार्टरच्या लोकांनी मधली भिंत फोडली. तिच्या आतल्या अंगाला चित्र होतं: इसिस देवी आणि तिच्यामागे बसलेल्या तीन लहान देवता. फोडण्याआधी उत्खननाचा फोटोग्राफर हॅरी बर्टनने फोटो काढून ठेवला होता, काळापांढरा. त्यावरून तो भाग इथे पुन्हा घडवलाय. मी त्या इसिससमोर बराच वेळ उभी होते. अस्सल बघायला आलेल्यांना जी दिसत नाही ती नकलेत भेटावी, याला काय म्हणायचं?

जुनी नक्कलही काही निरुपद्रवी नव्हती म्हणा. याच खोऱ्यातली राजा सेती पहिल्याची कबर बेल्झोनी या इटालियन शोधकाने १८१७ मध्ये उघडली आणि कोरीवकामाचे ठसे मेणात घेतले. ठसे उमटले, पण सोबत रंगही निघून आले. आता त्याच कबरीचं स्कॅनिंग झालंय. इथल्याच मुलामुलींना त्याचं शिक्षण मिळतं, ते समोरच्या टेकडीवरच्या मातीच्या घुमटी घरात. इजिप्तचे वास्तुकार हसन फाथी यांनी बांधलेलं घर. खालून छान दिसतं, वर चढायची आमची हिंमत झाली नाही.

आईला मी हे सगळं सांगितलं, माणसांच्या श्वासाने मूळ कबर झिजते म्हणून ही नक्कल, हेही. ती म्हणाली, ‘म्हणजे पंढरपुरासारखंच की. पायांवर डोकं ठेवायचं तर तासन्‌तास बारी, मुखदर्शन लवकर.’

‘अगं, तिथे विठोबा तोच असतो. हा दुसराच आहे.’

‘असू दे. त्याची झीज होते म्हणून वज्रलेप करतातच ना? याची माणसांच्या श्वासाने होते म्हणतेस, मग दुसरा केला तर बिघडलं काय?’

मला उत्तर सुचलं नाही. तरी पुन्हा लक्सॉरला गेले तर मी त्या दमट बारीत उभी राहणार, हेही माहीत आहे. तो काळा चेहरा आणि ती पावलं मला नकलेत मिळाली नव्हती.

निघताना आईने एका भेगेवर बोट ठेवायला हात पुढे केला, खरी आहे का बघायला. कोपऱ्यातला राखणदार ‘ला, ला!’ करत उठलाच.

‘अगंबाई, नकलेलाही सोवळं आहे,’ आई म्हणाली आणि बोट उगीचच ओढणीला पुसत बाहेर सावलीत जाऊन बसली.