सिरीज ३ लँड रोव्हर, मागचा फाळका बदलणे: आधी हौदा, मग फाळका

काम कुठवर आलं: जुना फाळका (मागे खाली उघडणारी झडप) उतरला, हौद्याचं (मागच्या सामानाच्या भागाचं) तोंड सरळ झालं, नवा फाळका बिनरंगाचा एकदा पूर्ण बसवून पाहिला. राहिलंय ते रंग, कायमची जोडणी आणि रबर.

फाळका नीट बसत नसला की सगळे नव्या फाळक्याला नावं ठेवतात. बहुतेक वेळा वाकडा असतो तो हौदा. म्हणून या नोंदीत फाळक्यापेक्षा हौद्याबद्दल जास्त लिहिलंय.

जुना काढताना मुख्य अडचण गंजाची, पण नेहमीच्या तांबड्या गंजाची नव्हे. १९४८ मध्ये पहिली लँड रोव्हर आली तेव्हा युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडीला बर्माब्राइट हा अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचा पत्रा आला आणि कडांना जस्त चढवलेल्या पोलादी पट्ट्या. सिरीज ३ पर्यंत हीच रीत राहिली. जस्त शाबूत असेपर्यंत दोन्ही धातू सुखाने नांदतात. जस्त संपलं आणि सांध्यात पाणी मुरलं की झीज अॅल्युमिनियमची होते: पट्टीखाली पांढरी भुकटी साचते, पत्रा फुगतो आणि रिव्हेटभोवतीची भोकं मोठी होत जातात. बाहेरून रंगाला बारीक फोड दिसत असतील, तर आतलं नुकसान त्याच्या कितीतरी पट धरून चालावं.

बिजागरीचे बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवले. तरीही अडकलेल्या बोल्टला गॅसची ज्योत दाखवू नये. अॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही, रंगावरून काहीच कळत नाही. पत्रा आधी मऊ पडतो, मग एकदम गळतो. शिवाय पट्टीवरचं जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, तो फुफ्फुसात गेला की ताप भरतो. त्यापेक्षा डोक्यावर मधोमध पंच मारून ड्रिलने डोकं उडवलेलं बरं. रिव्हेटचंही तसंच: आधी बारीक पंचने मधली दांडी मागे पाडायची, नंतर ड्रिल. दांडी आतच राहिली तर ड्रिल तिच्यावरून घसरतं आणि शेजारच्या पत्र्यात शिरतं. रिव्हेट जागेवर फिरू लागला तर डोक्याच्या कडेला छिन्नी टेकवून धरावी.

आता हौदा. उघड्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजले, फरक जेमतेम १ मिमी. एवढ्यावर समाधान मानलं असतं तर फसगत झाली असती, कारण तोंड वर रुंद आणि खाली अरुंद झालं असलं आणि दोन्ही बाजू सारख्याच कललेल्या असल्या तरी कर्ण समानच येतात. म्हणून वरची आणि खालची रुंदी वेगवेगळी मोजावीच लागते. इथे वर ५ मिमी जास्त भरली. कारण शोधल्यावर कोपऱ्यातल्या पट्ट्यांचे रिव्हेट ढिले निघाले. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती वरच्या अंगाला बाहेर कलल्या होत्या. अशा तोंडात कितीही चांगला फाळका बसवा, वर फट दिसणार आणि फाळका मिटून अडकवायची कोपऱ्यातली खिळी पूर्ण आत जाणार नाही.

उपाय: दोन्ही भिंतींच्या वरच्या कडेला लाकडी ठोकळे, त्यावरून रॅचेट पट्टा, आणि हळूहळू ओढ. ओढ काढली की पत्रा थोडा मागे येतोच, म्हणून ५ मिमीसाठी साधारण ८ मिमी आत घेतलं आणि ओढ तशीच ठेवून कोपऱ्यातले रिव्हेट बदलले. हे महत्त्वाचं: ओढ सोडून रिव्हेट मारले तर सगळी मेहनत वाया. ४.८ मिमी रिव्हेटला ४.९ मिमीचं ड्रिल, ३.२ ला ३.३. झिजून मोठ्या झालेल्या भोकात तोच रिव्हेट पुन्हा मारू नये. एक माप वर जावं किंवा मागून वॉशर द्यावा. पट्टा काढल्यावर वरखालचा फरक १ मिमीच्या आत आला.

नवा फाळका बसवताना बोल्टच्या आट्यांकडे लक्ष हवं. सिरीज ३ वर बॉडीचे बोल्ट बहुतांशी इंची, यूएनएफ (बारीक इंची) आट्यांचे. ५/१६ इंचीच्या जागी मिलिमीटर मापाचा एम८ हाताने दोन-तीन आटे चढतो, म्हणून फसायला होतं: जाडी जवळजवळ सारखी (७.९४ आणि ८ मिमी), पण ५/१६ ला दर इंचाला २४ आटे म्हणजे १.०६ मिमीचं अंतर, तर साध्या एम८ ला १.२५. पान्याने जोर लावला की नट खराब. १/४ च्या नटात एम६ उलट सैल पडतो आणि भार आला की आटे सोडतो. ५/१६ ला १/२ इंची पाना, १/४ ला ७/१६.

फाळका एकट्याने धरायच्या भानगडीत पडू नये. खाली ठोकळे ठेवून तो मिटलेल्या उंचीवर टेकवला, दोन्ही बाजूंना ४ मिमीच्या प्लायच्या पट्ट्या अडकवल्या, मगच बिजागऱ्यांचे बोल्ट हाताने लावले. एका बिजागरीची भोकं २ मिमीने चुकली. बाजारातल्या सुट्या फाळक्यांत हे नेहमीचंच. अशा वेळी कानस लावायची ती पोलादी बिजागरीच्या भोकाला, अॅल्युमिनियमला कधीही नाही. बिजागरी बदलता येते, पत्र्यातलं लांबट झालेलं भोक पुढे वाढतच जातं. वर जाड, रुंद वॉशर.

बोल्ट अर्धे आवळले की फाळका दहा-बारा वेळा उघडमीट करावा, मग पक्के आवळावेत. साखळ्या त्यानंतर. उघडलेला फाळका आडवा राहिला पाहिजे आणि दोन्ही साखळ्यांवर सारखा ताण हवा. एक कडी जास्त राहिली तर सगळा भार एका कोपऱ्यावर आणि एका बिजागरीवर येतो. सामान ठेवून कोणी वर चढलं की फाळका पिळवटतो. साखळीवर रबरी नळी चढवून ठेवावी, नाहीतर नवा रंग पहिल्याच फेरीत खरवडला जाईल.

कोपऱ्यातल्या खिळ्या पाचरीसारख्या असतात, त्या दाबाने बसल्या पाहिजेत. हातोडी लागत असेल तर फट चुकली आहे, खिळी घासून बारीक करू नये.

रंगासाठी फाळका पुन्हा उतरवायचा आहे. अॅल्युमिनियमवर रेड ऑक्साइड टिकत नाही, एच प्रायमरच (आम्लाने पत्र्याला धरून बसणारा पहिला थर) हवा. त्याआधी घासायला कोरा पॉलिश पेपर किंवा नायलॉनचा पॅड. पोलादावर वापरलेला तारेचा ब्रश अॅल्युमिनियमवर लोखंडाचे कण रुतवतो आणि पुढे त्याच जागी रंग उचलतो. घासल्यावर त्याच दिवशी प्रायमर, कारण ऑक्साइडचा थर लगेच धरू लागतो. थर पातळ द्यावा. पुटी भरायची असेल तर ती आधी, उघड्या घासलेल्या पत्र्यावर. आम्लयुक्त एच प्रायमरवर पुटी नीट सुकत नाही आणि पोपडा होऊन निघते.

कायमच्या जोडणीत दोन धातू जिथे भेटतात तिथे मध्ये झिजेला अटकाव करणारी पेस्ट आणि बोल्टखाली नायलॉनचा वॉशर. बोल्ट जस्त चढवलेलेच घ्यावेत. स्टेनलेस चमकतो, पण खारट पाण्यात शेजारच्या अॅल्युमिनियमला तोच लवकर खातो. खालच्या घडीतली पाणी निघायची भोकं रंगाने किंवा सीलंटने बुजणार नाहीत हे बघावं. आत मेण फवारलं की भोकात तार घालून मोकळी करावीत.

रबर अगदी शेवटी. फट पक्की होण्याआधी नवं रबर लावलं तर ते फाळका बाहेर ढकलतं आणि सगळी मापं खोटी पडतात. नवं असताना मिटायला जड जाणारच. तेवढ्यासाठी बिजागरी हलवू नये, दोनेक आठवड्यांत रबर दबतं. दाब पाहायला कागदाची पट्टी मध्ये धरून फाळका मिटावा आणि पट्टी ओढावी: सगळीकडे सारखी अडली पाहिजे. जिथे सहज सुटेल तिथून धूळ आत येईल. ही चाचणी आणि पहिल्या ५०० किमीनंतर बोल्ट पुन्हा आवळणं, एवढं पुढच्या नोंदीसाठी.