सतरंजीवरच्या तीन रात्री

भाऊबीज उरकली की माझं मन अजूनही पिशवी भरायला घेतं. एक चादर, टॉर्च, दोन सुती साड्या, एक वही आणि यजमान शाळेसाठी घरची आमसुलं. आमच्या शिक्षकमंडळाचं संमेलन दिवाळीच्या सुट्टीतच व्हायचं. तीन दिवस, आणि दर वर्षी सिंधुदुर्गातल्या वेगळ्या शाळेत. मी पहिल्यांदा गेले ती १९९८ साली. नोकरीला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि शिकवणं आपल्याला जमतं असं मला वाटायचं.

तिथे मंच नसायचा. हारतुरे नाहीत, प्रमाणपत्र नाही. वर्गातले बाक व्हरांड्यात काढायचे आणि सतरंज्या अंथरायच्या. तीस वर्षं शाळा चालवलेले मुख्याध्यापक आणि परवा रुजू झालेली शिक्षणसेविका एकाच सतरंजीवर बसायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणच्याची फोड. दिवसभर हाताचं काम चालायचं. माती, रंग, कागद, ताल, नाच, गाणं. जे मुलांकडून करून घ्यायचं ते आधी आपण करायचं, एवढाच नियम होता. पन्नाशीच्या सरांना मातीचा बैल करता येत नाही आणि ते शेजारच्याचा बैल चोरून बघतात, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! वर्गात शेजारच्याच्या वहीत डोकावणारं मूल त्यानंतर वेगळं दिसायला लागतं.

सगळ्यात मोलाची असायची ती रात्रीची बैठक. मंडळात एक निवृत्त चित्रकला शिक्षक होते, आम्ही सगळे त्यांना नुसतं गुरुजी म्हणायचो. जेवणं झाली की ते भिंतीला टेकून बसत आणि एकच प्रश्न विचारत. दर वर्षी तोच. "या वर्षी वर्गात तुम्ही गप्प कधी बसलात? आणि तेव्हा काय दिसलं?"

पहिल्या वर्षी मला तो प्रश्नच कळला नाही. शिक्षिका गप्प कशाला बसेल? मी आपली बोलत राहिले. वक्तृत्व स्पर्धेतली ढाल, समूहगीताचा नंबर, चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेली मुलं. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढच्याकडे वळले. मला जरा लागलंच ते.

सावंतवाडीच्या बाजूला संमेलन भरलं त्या वर्षी आम्ही राजवाड्यात गंजिफा बघायला गेलो. गोल पत्ते, लाखेची चकाकी, आणि एकेका पत्त्यावर केसाएवढी बारीक रेघ. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते. राजा, प्रधान, आणि एक ते दहा. एकूण १२०. प्राथमिकच्या एका बाईंनी तिथेच वहीत पाढा मांडायला घेतला. परत आल्यावर पुठ्ठ्याचे गोल कापून आम्ही आमचे पत्ते रंगवले आणि खेळायला बसलो. राजा-प्रधानाच्या खाली अर्ध्या रंगांत दहाचा पत्ता मोठा, उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा. खेळताना सगळ्यांचा गोंधळ उडाला. वर्षानुवर्षं गणित शिकवणारे सर तीनदा चुकले. चौथ्यांदा पत्ता टाकताना त्यांचा हात थरथरला, तो मी पाहिला. त्या रात्री ते म्हणाले, "माझ्या वर्गात पोरं फळ्यापाशी यायला का घाबरतात ते आज हाताला कळलं." त्यानंतर त्यांनी फळ्यापाशी बोलावण्याची पद्धतच बदलली. एकट्याला नाही, जोडीने.

पिंगुळीची रात्र तर मी कधीच विसरणार नाही. कुडाळजवळचं हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीचं आणि कळसूत्री बाहुल्यांचं. इथल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं, त्यांना पुढे २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या चित्रांच्या जुडीला पोथी म्हणतात, पण त्या पोथीत अक्षर नसतं. पाठीला पाठ लावून चिकटवलेली चित्रं, एकेक समोर उभं करायचं आणि गाऊन, बोलून कथा सांगायची. त्या रात्री सांगणारा बाबा एका चित्रावर थांबला. सीता एकटी बसलेली. वीणा वाजत होती, टाळ वाजत होता, पण त्याने तोंडातून शब्द काढला नाही. आम्ही त्या चित्राकडे बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मी वर्गात इतका वेळ न बोलता कधी राहिले होते? गुरुजी माझ्या शेजारीच बसले होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्या संमेलनाहून आल्यावर मी आठवीला इतिहासाचा एक धडा चित्रकथीने घेतला. मिठाचा सत्याग्रह. पुस्तकात दांडी आहे, पण आमचं शिरोडं कुठे लांब आहे? १९३० साली तिथेही मीठ उचललं गेलं, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. मुलांनी नऊ चित्रांची पोथी केली. काही जण मिठागरं बघून आले, एका मुलीने आजीकडून ऐकलेलं गाणं त्याला जोडलं. सादर करायला उभी राहिली तेव्हा सहाव्या चित्रापाशी ती मुलगी थांबली. मी वाक्य पुरवायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ती बोलली. पुस्तकातलं वाक्य नव्हे, तिचं स्वतःचं. त्या दिवाळीला गुरुजींच्या प्रश्नाला माझ्याकडे पहिल्यांदा उत्तर होतं.

पण माणूस एकदा शिकलं म्हणजे शिकलं असं होत नाही. २००७ साली मी मुख्याध्यापिका झाले आणि खुर्चीने मला परत मागे नेलं. शाळा कशी दिसते याची काळजी वाढली आणि मुलं काय बघतात याची कमी झाली. पुढच्याच वर्षी सातवीच्या मुलांनी विज्ञानासाठी माटवीचं मोठं चित्र केलं होतं. गणपतीवर बांधतात ती माटवी. डोंगरातून खरी फळं-पानं आणून, समोर ठेवून काढलेली. कवंडाळ, शेरवड, सुपारीचं शिपूट, तवसं. प्रत्येकाखाली मालवणी नाव आणि ते कुठे सापडलं ती जागा. तपासणीला साहेब येणार होते. चित्र वाकडंतिकडं होतं, कवंडाळ नारळाएवढं झालं होतं. मी आदल्या संध्याकाळी कलाशिक्षकांना थांबवून घेतलं आणि नवीन कागदावर ते सगळं नीट काढून घेतलं. सुंदर झालं. खाली मुलांची नावं लिहिली. साहेबांनी कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी एक मुलगा त्या चित्रासमोर उभा होता. कवंडाळावर बोट ठेवून म्हणाला, "बाई, ह्यां माजां न्हय." रागावला नव्हता. तक्रारही नव्हती. मला माहीत नसेल म्हणून सांगत होता.

हे मी त्या दिवाळीला सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीलाही नाही. २०१० च्या संमेलनात, दुसऱ्या रात्री, सांगितलं. कोणी समजूत घातली नाही आणि कोणी नावंही ठेवली नाहीत. गुरुजींनी एवढंच विचारलं, "त्याचं चित्र आता कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं.

शाळा उघडल्यावर मी पहिल्यांदा सामानाची खोली उघडली. नकाशांच्या मागे ती गुंडाळी सापडली, एका कडेला वाळवी लागलेली. मी ती साफ केली आणि कार्यालयात लावली. माझ्या पाठीमागे नाही, समोर, जिथे खुर्चीत बसल्यावर नजर जाईल तिथे. मुलगा तोवर नववीत गेला होता. त्याला बोलावलं, चित्र दाखवलं आणि झाली चूक माझी होती असं त्याला सांगितलं. तो लाजला. मग बराच वेळ चित्राकडे बघून हसत म्हणाला, "कवंडाळ खूपच मोठां झालां, बाई." ते तो स्वतःच स्वतःला सांगू शकत होता. मी फक्त दोन वर्षं आधी थांबायला हवं होतं.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात कलेची सांगड सगळ्या विषयांशी घालायची असं आलं तेव्हा मला फार आनंद झाला. आमच्याकडे वेळापत्रकात चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास शेवटी टाकायचे आणि परीक्षा जवळ आली की ते गणिताला द्यायचे, ही रीत मी स्वतः पाळली आहे. कागदावर तरी ती मोडली. पण वर्गात वारली चित्र चिकटवून भूमितीचा धडा होत नाही. त्या आकृतीतली माणसं दोन त्रिकोणांची आहेत, टोकाला टोक जुळलेली, हे मुलाने आपणहून बघेपर्यंत बाईंना थांबता आलं पाहिजे. हे थांबणं परिपत्रकातून येत नाही. माझ्यात ते आलं ते दर दिवाळीला, सतरंजीवर, थोडं थोडं.

त्या वर्षी करोनामुळे संमेलन झालं नाही. गुरुजी त्याच पावसाळ्यात गेले. मी २०२१ ला निवृत्त झाले, आणि पुन्हा सगळे जमलो तेव्हा रात्री भिंतीला टेकून बसायची जागा रिकामी होती. मंडळींनी मला तिथे बसवलं. मी तोच प्रश्न विचारला.

नुकतेच मुख्याध्यापक झालेले एक तरुण सर उत्साहाने सांगू लागले. नवीन प्रोजेक्टर, जिल्हास्तरावरचा नाटकाचा नंबर, रंगवलेल्या भिंती, पेपरात आलेला फोटो. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. मी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुढच्या बाईंकडे वळले. सकाळी पेजेच्या पंगतीत त्या सरांना शेजारी बसवून घेतलं आणि घरच्या लोणच्याची मोठी फोड वाढली.