रिपोर्टमधली शेवटून दुसरी ओळ

सोनोग्राफी केली होती मूतखड्यासाठी. खडा सापडला, डावीकडे, ६ मिलिमीटरचा. पण शेवटून दुसऱ्या ओळीत ‘प्रोस्टेटमध्ये कॅल्सिफिकेशन’ वाचलं आणि खडा-बिडा विसरलोच. वय ५६, त्यात वडिलांना प्रोस्टेटचाच कॅन्सर झालेला.

रात्री दोनपर्यंत मोबाइल घेऊन बसलो. मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक ठिपके कधीकधी कॅन्सरची खूण असतात, हे बायकोच्या तपासणीच्या वेळी कळलं होतं. तोच हिशेब मी इथे लावला, आणि तिथेच चुकलो.

यूरॉलॉजिस्टनी कागदावर पेनाने ग्रंथी काढून दाखवली. तिच्या बारीक नळ्यांत स्राव साचतो, घट्ट होतो, कांद्यासारखे थरावर थर चढतात, मग त्यात कॅल्शियम बसतं. पन्नाशीपुढच्या पुरुषांत हे सर्रास दिसतं. (मग रिपोर्टमध्ये लिहिता कशाला, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.)

कॅन्सरशी काहीच नातं नाही का? सरळ उत्तर मिळालं नाही, आणि ते मला आवडलं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या प्रोस्टेटमधले असे खडे तपासले, तेव्हा त्यांत पांढऱ्या पेशींची प्रथिनं निघाली. म्हणजे हे खडे बहुधा जुन्या सुजेची राख. दीर्घकाळ धुमसणारी सूज कॅन्सरला वाट करून देत असावी, अशी शंका आहे. मात्र खडे असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे नुसते खडे दिसले म्हणून कोणी बायोप्सी करत नाही.

“हे सोडा. घरात कोणाला होता?” त्यांनी विचारलं. वडिलांचं सांगितल्यावर मात्र पेन थांबलं. वडिलांना किंवा भावाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. मी रात्रभर ज्या ओळीला घाबरलो ती कागदावर होती; घाबरायची गोष्ट कागदावर नव्हतीच.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, लगेच केली नाही. लघवीत इन्फेक्शन होतं, त्याने आकडा उगाच वाढतो. औषधं संपल्यावर सहा आठवडे थांबलो. आला १.८. बोटाने केलेल्या तपासणीतही गाठ लागली नाही. पुढच्या वर्षी पुन्हा.

घरी येऊन थोरल्या भावाला फोन केला. वय ६१, पीएसए एकदाही नाही. “मला काय होतंय?” म्हणाला. शनिवारी मीच त्याला घेऊन जाणार आहे. खडा अजून आहे तिथेच.