बुधवारनंतर थेट सोमवार

परळला एका हॉस्पिटलात मी डायलिसिस टेक्निशियन आहे. सोमवारची सकाळची शिफ्ट पावसाळ्यात नकोशी वाटते. त्या शुक्रवारी कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या आणि आमचे सोम-बुध-शुक्रवाले कळव्याचे काका डायलिसिसला आलेच नाहीत. बुधवारनंतर थेट सोमवार.

आले ते काकूंच्या खांद्यावर हात टाकून. "पाय उचलत नाहीत रे." मला वाटलं, अंगात पाणी साठलं असेल, काट्यावर साडेचार किलो जास्त भरलेच. सुई टोचायच्या आधी सवयीने फिस्टुलावर (डायलिसिससाठी हातात धमनी आणि शीर जोडतात, त्या जागेवर) बोट ठेवलं. एरवी तिथे मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. त्या दिवशी एकेक ठोका सुटा लागत होता. घड्याळ लावलं : मिनिटाला 38.

डॉक्टरांना हाक मारली, ईसीजी काढला. एका ठोक्याच्या आलेखाचे पी, क्यूआरएस, टी असे भाग असतात. इथे टी-लाटा तंबूसारख्या टोकदार, पी जवळजवळ सपाट, क्यूआरएस पसरलेला. काकू म्हणाल्या, "पण ह्यांच्या छातीत तर दुखत नाहीये!" दुखेल कशाने? किडनी पोटॅशियम बाहेर टाकत नव्हती आणि तेच हृदयाची वायरिंग बिघडवत होतं. रक्तात ते लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल असावं, ते नंतर 7.8 निघालं. रिपोर्टसाठी न थांबता डॉक्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं. त्याने पोटॅशियम कणभरही उतरत नाही, हृदय मात्र तेवढा वेळ तग धरतं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. पोटॅशियम पेशींत ढकलायला. अंगातून बाहेर काढायचं काम माझ्या मशीनचं.

तासाभराने नाडी साठीपुढे गेली, तेव्हा मी इतकं पोटॅशियम कशातून आलं ते विचारायला बसलो. केळं नाही. भाज्या काकू चिरून, उकळून, पाणी फेकूनच करतात (इतकं कोणी पाळत नाही). मग हळूच म्हणाल्या, "अशक्तपणा होता ना, म्हणून रोज एक शहाळं देत होते."

शहाळ्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम. आमच्या भिंतीवरच्या ‘हे टाळा’ तक्त्यात केळं आहे, टोमॅटो आहे, शहाळं नाही. तक्ता मीच चिकटवलाय.

वॉर्डात हलवताना काकूंनी पिशवी उघडून दाखवली. आजचं शहाळं, स्ट्रॉसकट. "आता ह्याचं काय करू?"

काका स्ट्रेचरवरून म्हणाले, "त्याला दे. सकाळपासून पळतोय."