संध्याकाळी १२.९, पहाटे फ्रिज बंद

कॅम्परव्हॅनमधल्या नऊ दिवसांच्या प्रवासातले पहिले तीन दिवस बिनतक्रार गेले. चौथ्या दिवशी पहाटे फ्रिज उघडला तर बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी, आणि कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवरचा छोटा लाल दिवा दर काही सेकंदांनी एकदाच लुकलुकत होता. अशा बऱ्याच कंट्रोलरमध्ये एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज कमी पडल्यामुळे कॉम्प्रेसर बंद केला आहे. आदल्या संध्याकाळी पॅनेलवर बॅटरीचे १२.९ व्होल्ट दिसत होते.

हा १२.९ चा आकडा फसवा असतो. चार्जिंग नुकतं थांबलेलं असतं, तेव्हा बॅटरीतल्या प्लेटींच्या पृष्ठभागावर थोडा चार्ज जमलेला असतो, आणि मीटरला तोच दिसतो. कॅम्परव्हॅनच्या मागच्या भागातली बॅटरी, म्हणजे दिवे, पंखा, पंप आणि फ्रिज चालवणारी लिझर बॅटरी, खरोखर किती भरली आहे हे कळण्यासाठी तिला किमान चार-पाच तास, जमल्यास रात्रभर, लोड आणि चार्जिंग दोन्ही बंद करून ठेवावं लागतं. त्यानंतर लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी.

बॅटरीवर खापर फोडण्याआधी जोडण्या बघाव्यात, असं माझं ठाम मत आहे. नवी बॅटरी बसवूनही तोच त्रास चालू राहिलेल्या व्हॅनमध्ये बहुतेकदा ढिला क्लॅम्प किंवा गंज चढलेला फ्यूज-होल्डर सापडतो. तपासणी सोपी आहे: लोड चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर आणि दुसरं त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर टेकवायचं. आकडा जवळपास शून्य हवा. मग बॅटरीवरचं व्होल्टेज आणि फ्रिजच्या टोकाशी येणारं व्होल्टेज, दोन्ही कॉम्प्रेसर चालू असताना. यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वायर बारीक आहे किंवा मध्ये कुठेतरी जोड खराब आहे. आमच्याकडे हा फरक ०.२ होता. वायरिंग ठीक होतं.

पुढचा प्रश्न चार्जिंगचा. इंजिन चालू केल्यावर पुढच्या बॅटरीवर १४.२ आणि मागच्या बॅटरीवर १४.१ आले, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही बॅटरी जोडणारा स्विच, रिले, नीट जोडला जात होता आणि फ्यूज शाबूत होता. मागे १२.५ वरच आकडा अडला असता तर दोष तिथेच होता. नव्या गाड्यांत मात्र आल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज देणारं यंत्र, बऱ्याचदा स्वतःहून व्होल्टेज खाली आणतो. तिथे साधा रिले पुरत नाही, मध्ये व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर लागतो.

गुपचूप करंट खाणारं काही आहे का, हेही पाहिलं. सगळं बंद करून निगेटिव्ह वायर काढायची, मीटर १० ॲम्पिअरच्या जागी लावून वायर आणि खांब यांच्यामध्ये जोडायचा. ०.१२ ॲम्पिअर आले. दिवसाला साधारण ३ एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे ॲम्पिअर गुणिले तास): गॅस अलार्म आणि सोलर कंट्रोलर मिळून एवढं घेतातच. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही फ्रिज किंवा पंप चालू करू नये आणि मीटर करंटच्या जागी ठेवून दोन्ही टोकं थेट बॅटरीला लावू नयेत. पहिल्या चुकीत मीटरचा फ्यूज उडू शकतो, दुसऱ्या चुकीत टोकं हातात जळू शकतात.

खरा सुगावा सोलर पॅनेलचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरने दिला. सूर्य वर आल्यावर बॅटरी ८ ॲम्पिअर घेत होती आणि साडेदहाला कंट्रोलरने "पूर्ण" म्हणून फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवणाऱ्या हलक्या चार्जवर, टाकली. आत गेलेला चार्ज होता जेमतेम १७ एएच. १०० एएचची बॅटरी रात्री खरोखर उतरली असती तर तिने दिवसभर करंट ओढला असता. १७ एएचमध्ये रिकामीची भरलेली झाली याचा अर्थ आत जागाच तेवढी उरली होती. सकाळी पटकन भरणारी बॅटरी पाहून लोक खूश होतात. मला ती सगळ्यात वाईट खूण वाटते.

त्या रात्री आम्ही निगेटिव्ह काढून ठेवली आणि टॉर्चवर भागवलं. सकाळी बॅटरीवर १२.५ होते. तक्त्यानुसार पाऊण भरलेली. मग जुन्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब थेट जोडला, साधारण साडेचार ॲम्पिअरचा लोड, आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहिला. बल्ब लागताच १२.२. तासाने १२.०. अडीच तासांनी ११.८. इथपर्यंत सगळं सुरळीत. साडेतीन तास होत आले तेव्हा काही मिनिटांतच आकडा ११.७ वरून १० च्या खाली कोसळला आणि बल्ब पिवळट पडला. लगेच बल्ब काढला.

कोसळणं महत्त्वाचं आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत दोनेक व्होल्टचे सहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. ते सगळे सारखे थकलेले असते, म्हणजे सल्फेशनमुळे (प्लेटींवर सल्फेटचे कडक थर बसल्यामुळे) पूर्ण बॅटरीच आटली असती, तर आकडा हळूहळू उतरला असता. एकदम दोनेक व्होल्ट गेले की समजायचं, सहापैकी एका सेलने हात टेकले. तो रिकामा झाला तरी बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्याची पोलॅरिटी उलटी होऊ लागते.

बॅटरी बूच उघडणारी होती, त्यामुळे ती पुन्हा पूर्ण चार्ज करून, काही तास शांत ठेवून ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, हायड्रोमीटरने तपासता आली. चष्मा आणि हातमोजे घालून, खिडक्या-दारं उघडून. पाच सेलमध्ये हायड्रोमीटरचा तरंगक १.२५० ते १.२६० मध्ये तरंगत होता. पॉझिटिव्हकडून तिसऱ्या सेलमध्ये तो १.१६० वर बुडाला, आणि नळीतलं ॲसिड इतर सेलपेक्षा गढूळ, तपकिरी होतं. दोन सेलमध्ये ०.०५० हून जास्त फरक म्हणजे बॅटरी गेली, असा सर्वसाधारण नियम आहे. इथे तो जवळपास दुप्पट होता. १२.५ चं कोडंही उलगडलं: ग्रॅव्हिटीत ०.८४५ मिळवलं की एका सेलचं व्होल्टेज अंदाजे मिळतं. पाच सेलचे २.१ प्रमाणे १०.५ आणि आजारी सेलचे २.०. बेरीज १२.५! पाऊण भरलेली बॅटरी नव्हतीच ती. पाच भरलेले सेल आणि एक जवळजवळ रिता, यांची बेरीज होती.

पाणी घालून उपाय झाला असता का? नाही, पातळी प्लेटींच्या वर होती. आणि पाणी घातलं असतं तर ग्रॅव्हिटी आणखी खाली गेली असती. १५ व्होल्टच्या वर नेऊन केलेल्या इक्वलायझिंग चार्जने ॲसिडचे थर मिसळतात, मागे पडलेला सेल कधीकधी सावरतो. पण ते फक्त बूच उघडणाऱ्या बॅटरीत, व्हॅनमधली सगळी उपकरणं तोडून, मोकळ्या हवेत. एजीएम किंवा जेल या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला असं करणं म्हणजे बहुतेकदा तिला मारणंच. ॲसिड तपकिरी झालं होतं, म्हणजे प्लेटींवरचा मसाला झडून खाली पडत होता, म्हणून आम्ही तो प्रयत्न केला नाही. झडलेला मसाला तळाशी साठून प्लेटी शॉर्ट झाल्या तर चार्जिंगचे १४.४ व्होल्ट पाचच सेलमध्ये वाटले जातात, प्रत्येकी २.८८. ते सेल उकळू लागतात, बॅटरी गरम होते, कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. असा वास आला की आधी चार्जिंग बंद करायचं आणि ठिणगी पडेल असं काही करायचं नाही.

एजीएममध्ये ग्रॅव्हिटी बघता येत नाही, तिथे बल्बची चाचणी हाच भरवसा. इंजिनाच्या बॅटरीसाठी असलेला हातातला टेस्टर क्षणभर किती जोर मिळतो ते मोजतो, कपॅसिटी नाही. निम्मी आटलेली लिझर बॅटरीही त्यावर "चांगली" ठरते. लिथियमचं गणितच वेगळं आहे, १३.२ वर ती बहुतेक सगळा प्रवास करते, व्होल्टेजवरून काहीच कळत नाही.

उरलेले चार दिवस मागची बॅटरी तोडून काढले, फ्रिज रिकामा करून. परतल्यावर नवी बसवताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. मग तीच बल्बची चाचणी नव्या बॅटरीवर: ११ तास चालवली, ५० एएचच्या आसपास काढले, विश्रांतीनंतर १२.२. तारीख आणि हे आकडे मार्करने बॅटरीच्या झाकणावर लिहून ठेवले आहेत. पुढच्या वर्षी याच आकड्यांशी ताडून बघणार आहोत.