खॅक आली!

थाई भाषेत आपल्याला, म्हणजे भारतीयांना, 'खॅक' म्हणतात. बँकॉकमध्ये राहायला येऊन मला सहा वर्षं झाली, पण या शब्दाची सवय काही झाली नाही. लिफ्टमध्ये, भाजीबाजारात, नाक्यावरच्या नारिंगी जाकीटवाल्या मोटारसायकल-टॅक्सीच्या घोळक्यात कुणीतरी शेजारच्याला हळूच सांगतं, 'खॅक', आणि माझी मान ताठ होते. खरं तर त्या शब्दाचा अर्थ 'पाहुणा' असा आहे. पण भारतीय, पाकिस्तानी, अरब, मलायी मुसलमान, सगळ्यांना एकत्र बांधायलाही तोच वापरतात. गोऱ्या माणसासाठी 'फरांग' हा वेगळा शब्द आहे. 'खॅक'मधला पाहुणचार मला कधीच ऐकू आला नव्हता. या नोव्हेंबरात उत्तर थायलंडमधल्या माए होंग सोनच्या रस्त्यावर माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक पंक्चर झालं, तोपर्यंत.

इथे स्वतःच्या नावावर मोटारसायकल घेणं हे आधीच एक प्रकरण असतं. राहण्याचा दाखला काढा, त्यावर गाडीचं हिरवं पुस्तक करून घ्या, लायसन्ससाठी रंग ओळखा, ब्रेक किती चटकन दाबता ते दाखवा. शिवाय दर नव्वद दिवसांनी 'मी अजून याच पत्त्यावर आहे' असं सरकारला कळवत राहा. हे सगळं करून मिळालेल्या लायसन्सवर मोटारसायकलसाठी जो शब्द छापलेला असतो तो आहे 'चक्रयानयंत्र'. थाई उच्चारात त्याचं 'चक्क्रयानयोन' होतं, बोलताना सगळे नुसतं 'मोसाय' म्हणतात, पण अक्षरं लावून वाचली तर चक्र, यान आणि यंत्र तिन्ही त्यात आहेत. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी परिवहन कार्यालयाच्या बाकावर बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसले होते.

तर, माझी रॉयल एनफील्ड हिमालयन घेऊन मी बँकॉकहून निघाले. चियांग माईपर्यंतचे सातशे किलोमीटर दोन दिवसांत कापले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सरळ रस्ता, डावीकडच्या कडेने उलटे येणारे लोक आणि ट्रकांचा धूर. बँकॉकच्या उड्डाणपुलांवर दुचाकीला बंदी असल्यामुळे शहराबाहेर पडायलाच दीड तास गेला. खरा प्रवास पुढे. चियांग माई, पाइ, माए होंग सोन, खुन युआम, माए सारियांग आणि परत चियांग माई असं सहाशे किलोमीटरचं वर्तुळ आहे, आणि त्यात १८६४ वळणं आहेत असं तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. नुसत्या चियांग माई ते पाइ या टप्प्यात ७६२. तो आकडा छापलेले टी-शर्ट पाइच्या बाजारात जागोजागी टांगलेले असतात.

पाइमध्ये माझं काही बरं झालं नाही. संध्याकाळी एका गेस्ट हाउसमध्ये गेले. थाईमध्येच खोली विचारली. बाईंनी माझ्याकडे बघितलं, 'कुठल्या?' म्हणून विचारलं, मी सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, खोल्या भरल्या. बाहेर येऊन मी हेल्मेट घालत होते तेवढ्यात एक फरांग जोडपं पाठीवर पिशव्या घेऊन आत गेलं आणि पाचव्या मिनिटाला किल्ली हलवत जिना चढलं. मी भांडले नाही. भांडून मिळालेल्या खोलीत झोप लागत नाही. दोन गल्ल्या सोडून दुसरीकडे जागा मिळाली, स्वच्छ होती, पण तो 'भरल्या' शब्द रात्रभर पोटात राहिला.

आणि त्याच रात्री मी जे केलं ते मला सांगायचं आहे, कारण ते त्याहून वाईट होतं. रात्रीच्या बाजारात स्कूटरच्या दुकानासमोर एक कुटुंब उभं होतं. नवरा-बायको, दोन मुलं आणि नऊवारीतल्या, वर स्वेटर घातलेल्या आजी. दुकानदार पासपोर्ट ठेवून घ्यायचं म्हणत होता, हे नको म्हणत होते, आवाज चढले होते. बोलणं मराठीत चाललं होतं, तेही आमच्या सातारा-कऱ्हाडकडच्या हेलात. आजींनी मला बघितलं आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, ही आपल्यातली दिसती. हिला इचार की." सून माझ्याकडे वळली आणि मी मोबाइल कानाला लावून थाईत बोलत पुढे निघून गेले. पलीकडे कुणीही नव्हतं. दुकानदाराला, आजूबाजूच्या लोकांना मी त्यांच्यातली वाटू नये, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. खरं तर दोन वाक्यांत ते भांडण मिटलं असतं. पासपोर्ट कधीच ठेवायचा नाही, त्याऐवजी रोख अनामत द्यायची आणि गाडीवरच्या जुन्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवायचे, एवढंच सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाइ ते माए होंग सोन. रस्ता फार सुंदर. खिंडीत सकाळचे ढग पायाखाली होते. नाक्यावर पोलिसाने लायसन्स बघितलं, हसला, जा म्हणाला. माझं लक्ष कशातच नव्हतं.

माए होंग सोनच्या सकाळच्या बाजारात मात्र थांबायला हवं. हा भाग शान लोकांचा. ब्रह्मदेशाची हद्द जवळ, देवळांची छपरंही बर्मी धाटणीची. बाजारात एक बाई मोठ्या पातेल्यात पिवळं, दाट काहीतरी ढवळत होती. डाळीच्या पिठाचं. शान लोक त्याला तोफू म्हणतात, पण सोयाबीनशी त्याचा संबंध नाही. तिने वाटीत शेवया घातल्या, वर ते पिवळं ओतलं, मग तळलेला लसूण, कोथिंबीर, तिखट. पहिला घास घेतला आणि डोळ्यांसमोर आईचं पिठलं. मी म्हटलं, हे गरम आहे ना? तर ती म्हणाली, 'उन'. उन म्हणजे कोमट, ऊबदार. ऊन-ऊन पिठलं! मी दोन वाट्या खाल्ल्या. तीस तीस बाट, तेवढा हिशेब लक्षात राहिला आहे.

तिथून खुन युआम सत्तर किलोमीटरसुद्धा नाही. दुपारी एका उतारावर वळण घेताना गाडीचा मागचा भाग शेपटीसारखा हलला. थांबून बघितलं तर टायर बसलेला. हिमालयनला आरे असलेली चाकं, आत ट्यूब, आणि मी जादा ट्यूब घेतली नव्हती. गाडी जवळजवळ दोनशे किलोची. मोबाइलला रेंज नाही. दोन्ही बाजूंना सागाची झाडं आणि मोठाली वाळकी पानं पडल्याचे आवाज. उतार होता म्हणून इंजिन बंद करून, ब्रेक धरून, गाडीच्या बाजूने चालत खाली आले. तिसऱ्या वळणावर खांबाला टांगलेला जुना टायर दिसला. ही खूण इथेही तीच आहे!

लाकडी घर, समोर पत्र्याची शेड, शेडमध्ये कॉम्प्रेसर. एक म्हातारी बाई ओट्यावर बसली होती, गालाला चंदनासारखा पिवळा लेप. तिने मला बघितलं आणि घरात वळून मोठ्याने ओरडली, "खॅक मा लेऽव!" म्हणजे खॅक आली. झालं, इथेही, असं मनात म्हणत मी गाडी शेडखाली घेतली.

आतून काका आले. थाईत त्यांना लुंग आणि बाईंना पा म्हणायचं. पा म्हणजे आईबापाची थोरली बहीण, पण माझ्या जिभेवर मावशीच येतं, तर मावशीच. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, "आइन फील्द, इंदिया," असं टाकीवरच्या नावाकडे बघून म्हणाले आणि कामाला लागले. एक्सलच्या नटाला बसेल एवढा मोठा पान्हा त्यांच्याकडे नव्हता, माझ्या हत्यारांतला घेतला. चाक काढलं, दोन टॉमींनी टायर उचकटला, ट्यूब ओढून पाण्याच्या टबात बुडवली. बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. कुठल्याशा पत्र्याचा चिमुकला तुकडा टायरमधून आत घुसला होता. मला वाटलं आता सोल्युशन लावून पॅच चिकटवतील. त्यांनी ट्यूब काणशीने घासली, रबराचा तुकडा ठेवला, त्यावर पत्र्याची छोटी वाटी, सगळं एका क्लॅम्पमध्ये आवळलं आणि वाटीत इंधनाचे थेंब टाकून काडी लावली.

तो वास! कऱ्हाडच्या स्टँडजवळ पंक्चरचं दुकान होतं. अप्पांच्या राजदूतचं चाक घेऊन मी त्यांच्याबरोबर जायची. तिथेही असाच आवळलेला क्लॅम्प, अशीच निळी-पिवळी ज्योत, असाच जळक्या रबराचा वास. ती विझेपर्यंत अप्पा मला शेंगदाण्याची पुडी घेऊन द्यायचे. अप्पा जाऊन अकरा वर्षं झाली. माझे डोळे भरून आले आणि मावशींना वाटलं धुराने. त्यांनी मला हाताला धरून ओट्यावर नेलं.

"जेवलीस का?" इकडे कुणीही भेटलं की हेच विचारतात. मी सवयीने "जेवले" म्हटलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. भात आला, उकडलेल्या पाल्याची ताटली आली, आणि मग त्यांनी अंगणातल्या सुपातून पापडासारखी एक काळपट चकती उचलली. थुआ नाओ. सोयाबीन शिजवून, आंबवून, वाटून, थापून उन्हात वाळवतात. वास उग्र असतो, बँकॉकमधले लोकसुद्धा नाक मुरडतात. मावशींनी ती निखाऱ्यावर भाजली, मिरच्या आणि लसणाबरोबर उखळीत कुटली आणि माझ्यापुढे ठेवली. ठेचाच तो, फक्त त्यात शेंगदाण्याच्या जागी सोयाबीन. मी भातात कालवून हाताने खाल्ला आणि मावशीही हातानेच जेवत बसल्या.

तेवढ्यात शेजारून कुणीतरी हाक मारली, बहुधा कुठे तरी चल म्हणून. मावशींनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "मला नाही जमायचं, घरी खॅक आहे."

मी घास हातात तसाच धरून थांबले. मग विचारलंच, "मावशी, तुम्ही मला मघाशी खॅक म्हणालात ते मी भारतीय म्हणून, की घरी आले म्हणून?"

त्यांना प्रश्न कळेना. मी पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारला. त्यांनी काकांकडे बघितलं, काकांनी खांदे उडवले. शेवटी त्या म्हणाल्या, "खॅक म्हणजे खॅक. दारात आली ती खॅक. अजून भात घे."

पंक्चरचे काकांनी साठ बाट घेतले. मी शंभराची नोट दिली तर आत जाऊन दोन विशीच्या नोटा आणून हातात ठेवल्या. जेवणाचे पैसे काढले तेव्हा मावशींचा चेहरा असा उतरला की मी पाकीट पटकन आत टाकलं. पण मोकळ्या हाताने कसं निघणार? आईने मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर दिवाळीचा फराळ पाठवला होता. त्यातला एक स्टीलचा डबा मी वाटेत खायला गाडीवर घेतला होता. चकल्या आणि चिवडा. सगळा मावशींपुढे रिकामा केला. काकांना पुढचे दात नव्हते, त्यांनी चकली चहात बुडवून खाल्ली आणि मान डोलावली. मी डबा उचलायला गेले तर मावशींनी तो माझ्या हातून घेतला, आत गेल्या आणि थुआ नाओच्या चकत्यांनी गच्च भरून आणला. रिकामा डबा परत देऊ नये, हे त्यांना कुणी सांगितलं?

संध्याकाळी खुन युआमला पोचले. तिथे थाई-जपान मैत्रीचं एक छोटं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून माघार घेणारे जपानी सैनिक आजारी, उपाशी अवस्थेत या गावात आले आणि इथल्या लोकांनी त्यांना घरांत ठेवून घेतलं. त्यांची शिरस्त्राणं, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या तिथे मांडून ठेवल्या आहेत. आमच्या गावात एक 'बर्मा आजोबा' होते, मराठा पलटणीतून त्याच लढाईत जपान्यांविरुद्ध लढलेले. ते जपान्यांविषयी कधी चांगलं बोलले नाहीत. काचेतल्या एका चेपलेल्या बाटलीसमोर मी त्यांचा विचार करत उभी होते. पहारेकरी दिवे मालवायला आला तेव्हा निघाले.

सकाळी डोई माए उ खोच्या डोंगरावर रानटी सूर्यफुलांचा पिवळा समुद्र बघितला. फुलं अप्रतिम, गर्दी असह्य, पार्किंगसाठीच पाऊण तास. माए सारियांगची नदीकाठची संध्याकाळ शांत गेली. परतीचा रस्ता पावसात.

काकांचा पॅच बँकॉकपर्यंत टिकला, अजून आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर डबा दाखवला. तिने पहिलं काय विचारलं असेल तर, "त्यांना लाडू नाही दिलेस? चकली आजोबांना चावली असती का?" मग पाइची गोष्टही सांगितली, मोबाइलसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. "त्या म्हाताऱ्या बाईंना गाडी मिळाली का गं मग?" एवढंच तिने विचारलं. मला माहीत नव्हतं.